सोडत स्वच्छ आहे, तिकिटाच्या भावाचं बोला

सरकारी लॉटरीचा विषय निघाला की संशय पहिल्यांदा यंत्रावर जातो. आतून सेटिंग असणार, नंबर आधीच ठरलेला असणार वगैरे. माझं मत उलटं आहे. या सगळ्या व्यवहारात सर्वांत जास्त तपासला जाणारा भाग सोडतीचाच असतो. खोट आहे ती तिकिटाच्या भावात, आणि ती कोणी लपवलेलीही नाही. खेळाच्या नियमावलीत ती उघड छापलेली असते.

आधी सोडत कशी होते ते पाहू. चेंडूंच्या यंत्रातून नंबर काढायचे असतील तर यंत्रं आणि चेंडूंचे संच, दोन्ही एकापेक्षा जास्त ठेवतात. प्रत्येक चेंडूचं वजन आणि व्यास ठरावीक मुदतीने मोजला जातो. संच सीलबंद पेटीत असतात आणि आज कोणतं यंत्र, कोणता संच वापरायचा हे सोडतीच्या थोडं आधी चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. सील तोडताना बाहेरचा लेखापरीक्षक समोर असतो, सीलचा क्रमांक नोंदीशी ताडून घेतो. मग काही चाचणी सोडती होतात, त्यात काही विचित्र दिसलं तर संच बदलतात, आणि त्यानंतर खरी सोडत.

याहून महत्त्वाची पायरी पडद्यावर दिसत नाही. सोडतीआधी विक्री थांबवायची आणि तोवर विकल्या गेलेल्या एकूण एक तिकिटाची नोंद गोठवायची. ही नोंद उघडी राहिली तर नंबर आल्यानंतर मागच्या तारखेचं तिकीट आत सरकवता येईल, मग चेंडू कितीही तोलून घेतलेले असोत. अमेरिकेतल्या पॉवरबॉलची ७ नोव्हेंबर २०२२ ची सोडत सुमारे दहा तास लांबली, ती याच पायरीवर अडून. जॅकपॉट २०४ कोटी डॉलरचा होता, सगळा देश वाट बघत होता, आणि मिनेसोटा राज्याच्या विक्रीचा हिशेब जुळायचा बाकी होता. नंबर निघाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या दिवशी लोकांनी यंत्रणेला नावं ठेवली. खरं तर यंत्रणा नीट चालली तर असंच दिसायला हवं.

म्हणजे घोटाळे झालेच नाहीत असं नाही. पेनसिल्व्हेनियात २४ एप्रिल १९८० रोजी तीन आकडी सोडतीत ६६६ आला. ४ आणि ६ सोडून बाकीच्या आकड्यांच्या चेंडूंमध्ये सुईने रंग भरून ते जड केले होते, त्यामुळे हवेच्या झोताने वर येत होते ते फक्त हलके चेंडू. ४ आणि ६ यांपासून तीन आकड्यांच्या आठच जोडण्या होतात आणि त्या आठांवर कोणीतरी भरमसाठ पैसे लावतंय हे विक्रीच्या नोंदींत दिसलं. प्रकरण उघडं पडलं ते तिथून. वजन मोजणं, संच कुलपात ठेवणं, कोणाचाही एकट्याचा हात चेंडूंना न लागू देणं, हे नियम किती गरजेचे आहेत ते अशा प्रकरणांतून कळतं.

संगणकाने नंबर काढायचे ठरवलं की धोका जागा बदलतो. अमेरिकेत अनेक राज्यांच्या लॉटऱ्यांना यंत्रणा पुरवणाऱ्या संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख एडी टिप्टन याने नंबर काढणाऱ्या प्रोग्राममध्ये स्वतःच्या काही ओळी घुसवल्या. वर्षातल्या तीन ठरावीक तारखा, त्यातही ठरावीक वार आणि संध्याकाळनंतरची वेळ जुळली, तरच त्या ओळी जाग्या व्हायच्या आणि नंबर यादृच्छिक (कोणताही नेम नसलेले) न राहता त्याला आधीच ओळखता येतील असे निघायचे. २९ डिसेंबर २०१० च्या हॉट लॉटो सोडतीचं १ कोटी ६५ लाख डॉलरचं तिकीट असंच होतं. बक्षीस मागायला आडून आडून माणसं पुढे करण्यात आली, अधिकाऱ्यांना शंका आली, आणि शेवटी २०१७ मध्ये त्याला २५ वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. यातला तांत्रिक भाग नीट लक्षात घ्यायला हवा. निघालेल्या नंबरांची सांख्यिकी तपासणी कितीही केली तरी असला प्रकार पकडला जात नाही, कारण उरलेल्या ३६२ दिवसांचे आकडे अगदी खरे यादृच्छिक असतात. इथे उपाय दोनच. प्रोग्राम लिहिणारा, तो तपासणारा आणि यंत्रावर चढवणारा माणूस वेगवेगळा असावा. आणि यंत्रावर प्रत्यक्ष चालणारा प्रोग्राम हा मंजूर केलेलाच प्रोग्राम आहे याची खूण दर वेळी बाहेरच्या माणसाने ताडून पाहावी.

काही वेळा घोटाळा नसतो, फक्त तसा भास होतो. बल्गेरियात सप्टेंबर २००९ मध्ये ६ आणि १० तारखेच्या लागोपाठच्या सोडतींत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हेच सहा नंबर आले. चौकशी झाली, काही सापडलं नाही. ४२ पैकी ६ नंबरांच्या खेळात लागोपाठ तेच सहा येण्याची शक्यता ५२,४५,७८६ मध्ये एक असते. जगभर इतक्या लॉटऱ्या इतकी वर्षं चाललेल्या असताना एखाद्या ठिकाणी हे घडणं चमत्कार नव्हे.

सोडतीपेक्षा जास्त फसवणूक तिकीट तपासण्याच्या काउंटरवर होते, आणि तिच्याकडे लक्ष फार उशिरा गेलं. गिऱ्हाईक तिकीट देतं, विक्रेता ते यंत्रात घालतो, "काही नाही लागलं" म्हणतो आणि तिकीट खाली टाकतो. तेच तिकीट नंतर तो स्वतःच्या नावाने वठवतो. कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात विक्रेत्यांना लागणाऱ्या मोठ्या बक्षिसांचं प्रमाण संशय यावा इतकं जास्त असल्याचं २००६ मध्ये बाहेर आलं, आणि २००७ मध्ये तिथल्या लोकपालांनी या कारभारावर कडक अहवाल दिला. आज अनेक ठिकाणी यंत्राचा पडदा गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो, बक्षीस लागलं तर मोठा आवाज होतो, स्वतः तपासायची वेगळी यंत्रं असतात, तिकिटामागे सहीची जागा असते. विक्रेत्याने स्वतः बक्षीस मागितलं तर जास्तीची चौकशी होते.

आता भावाकडे वळतो.

रुलेट हा फिरत्या चाकावरचा जुगार. एका शून्याच्या रुलेटमध्ये कॅसिनो दर डावाला सरासरी २.७ टक्के ठेवून घेतो, दोन शून्यांच्या रुलेटमध्ये ५.२६ टक्के. पॉवरबॉलमध्ये विक्रीतला साधारण निम्माच पैसा बक्षिसांना जातो. म्हणजे ज्या जुगाराला समाज नाकं मुरडतो त्याच्यापेक्षा सरकारमान्य खेळ कितीतरी महाग आहे. कारण सोपं आहे. रुलेट महाग केलं तर खेळणारा शेजारच्या कॅसिनोत जातो. लॉटरीला शेजारचं दुकानच नसतं, कारण ते काढणं सरकारने कायद्याने बंद केलेलं असतं. लोकांना जुगारापासून वाचवायचं म्हणून घेतलेली मक्तेदारी, आणि तिचा उपयोग भाव चढा ठेवायला. सरकारी लॉटरीवर माझा मुख्य आक्षेप हाच.

"निम्मा पैसा परत" हा आकडासुद्धा सरासरीचा आहे. तिकीट कोणत्या दिवशी घेतलं यावर त्याची किंमत, म्हणजे त्यातून सरासरीने परत मिळणारी रक्कम, बदलते. पॉवरबॉलचंच गणित मांडू, कारण त्याचे सगळे आकडे जाहीर आहेत. ६९ पैकी ५ नंबर आणि वेगळ्या २६ पैकी १. एकूण जोडण्या २९,२२,०१,३३८. तिकीट २ डॉलर. जॅकपॉट सोडून बाकी सगळी ठरलेली बक्षिसं त्यांच्या त्यांच्या शक्यतेने गुणून बेरीज केली तर ३२ सेंट होतात. जॅकपॉट नुकताच कोणीतरी नेलेला असेल आणि पुन्हा २ कोटी डॉलरपासून सुरुवात असेल, तर एकरकमी घेतल्यास मिळणारी रोख रक्कम त्याच्या निम्म्याच्या आसपास (का ते पुढे येतं), त्यातून कर गेला की भागाकार येतो जेमतेम २ सेंट. दोन डॉलरच्या तिकिटाची त्या दिवशीची किंमत झाली ३४ सेंट.

आता तो २०४ कोटींचा दिवस घ्या. जाहिरातीतला आकडा ही २९ वर्षांत मिळणाऱ्या ३० हप्त्यांची बेरीज असते, प्रत्येक हप्ता आधीच्यापेक्षा ५ टक्क्यांनी मोठा. या हिशेबाने पहिला हप्ता साधारण ३ कोटी ७ लाख डॉलरचाच भरतो. एकरकमी घ्यायचे तर ९९ कोटी ७६ लाख. त्यावर केंद्रीय कराचा सर्वांत वरचा ३७ टक्के दर लावला तर उरतात सुमारे ६२ कोटी ८५ लाख. भागिले २९.२२ कोटी जोडण्या, म्हणजे २ डॉलर १५ सेंट. अरे, हे तर तिकिटापेक्षा जास्त झालं! पण थांबा. इतका मोठा आकडा लागला की झुंबड उडते आणि एकाच नंबरावर दोन-तीन जण जिंकण्याची शक्यता वाढते. जोडण्या जितक्या तितकीच तिकिटं खपली असं धरलं, तर वाटणीनंतर जिंकणाऱ्याच्या पदरी सरासरी ६३ टक्के पडतात. २.१५ चे झाले १.३६. त्यात ते ३२ सेंट मिळवा, १.६८. इतिहासातल्या सर्वांत मोठ्या जॅकपॉटच्या दिवशीही तिकीट तोट्यातच. प्रत्यक्षात त्या सोडतीत एकच विजेता निघाला, पण तिकीट घेताना ते कोणालाच माहीत नसतं.

या दोन आकड्यांमधली दरी बघण्यासारखी आहे. ३४ सेंट आणि १६८ सेंट. जॅकपॉट लहान असताना जे दर आठवड्याला इमानेइतबारे तिकीट घेतात, त्यांच्या पैशाने पुढचा जॅकपॉट फुगतो. आणि तो फुगल्यावर एरवी कधी न खेळणारे लोक येऊन रांगेत उभे राहतात. नेहमीचा खेळाडू हौशी खेळाडूला पोसतो. न्याय-अन्यायाच्या चर्चेत ही बाजू जवळपास कधीच येत नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या कॅश विनफॉल खेळात हे उघडंनागडं दिसलं. तिथे जॅकपॉट २० लाख डॉलरच्या वर गेला आणि कोणालाच लागला नाही, तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जायची. त्या दिवसापुरती तिकिटाची सरासरी किंमत त्याच्या भावापेक्षा जास्त व्हायची. गणित जमणाऱ्या काही गटांनी, त्यात एमआयटीचे विद्यार्थीही होते, नेमक्या त्याच दिवशी लाखो डॉलरची तिकिटं उचलायला सुरुवात केली. अशी तिकिटं घेणं बेकायदेशीर नव्हतं. राज्याचं उत्पन्न वाढतच होतं, म्हणून बराच काळ कोणी हरकतही घेतली नाही. खेळ बंद झाला २०१२ मध्ये, वर्तमानपत्रात बातमी आल्यानंतर. गटांनी कमावलेला पैसा आला होता इतर दिवशी खेळणाऱ्यांच्या खिशातून.

जॅकपॉट मोठा दिसावा म्हणून खेळाचा साचाच बदलणं हा दुसरा प्रकार. ऑक्टोबर २०१५ मध्ये ब्रिटनच्या लॉटरीने ४९ ऐवजी ५९ नंबर केले. पहिल्या बक्षिसाची शक्यता १,३९,८३,८१६ मध्ये एक होती, ती ४,५०,५७,४७४ मध्ये एक झाली. त्याच महिन्यात पॉवरबॉलने १७ कोटी ५२ लाखांवरून २९ कोटी २२ लाखांवर उडी मारली. शक्यता घटली की जॅकपॉट फुटत नाही, पुढे ढकलला जातो, फुगतो, बातमी होते, विक्री वाढते. गंमत अशी की पॉवरबॉलमध्ये "कोणतंही बक्षीस" लागण्याची शक्यता त्याच बदलात सुधारली, साधारण ३२ मध्ये एकवरून २५ मध्ये एक. म्हणजे जिंकण्याची संधी वाढली हे म्हणणं अक्षरशः खरं होतं. मात्र लागणाऱ्या दर शंभर बक्षिसांतली ९२ चार डॉलरची असतात.

स्क्रॅच कार्डांचं तंत्र वेगळंच. इथे सोडत नसते, छपाई असते. कोणत्या रकमेची किती बक्षिसं हे छापण्याआधीच ठरतं आणि ती गठ्ठ्यांमध्ये पेरली जातात. यातून दोन अडचणी येतात. पहिली, सर्वांत मोठं बक्षीस कोणीतरी नेलं तरी उरलेली कार्डं त्याच भावाला, त्याच चित्रासह विकली जातात. काही लॉटऱ्या शिल्लक बक्षिसांची यादी संकेतस्थळावर देतात, पण काउंटरवरच्या गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. दुसरी, "चारात एक कार्ड जिंकतं" यातल्या जिंकण्यात तिकिटाची रक्कम परत मिळणंही धरलेलं असतं. पेरणी चुकली तर काय होतं याचा नमुना टोरंटोच्या मोहन श्रीवास्तव या संख्याशास्त्रज्ञाने २००३ मध्ये दाखवला. फुली-गोळ्याच्या एका कार्डावर न खरडताच जे आकडे दिसत होते, त्यांत एकदाच येणारे आकडे एका ओळीत आले तर ते कार्ड बहुधा जिंकणारं असायचं. खेळ पूर्ण यादृच्छिक नसतो, मोजून-मापून पेरलेला असतो, म्हणूनच त्याची खूण मागे राहिली. त्याने ती लॉटरीला कळवली आणि खेळ मागे घेतला गेला.

सगळेच असे नसतात. स्पेनची नाताळची लॉटरी २२ डिसेंबरला निघते. एक लाख नंबर, पहिल्या बक्षिसाची शक्यता लाखात एक, ७० टक्के रक्कम बक्षिसांना, रोलओव्हर, म्हणजे न लागलेलं बक्षीस पुढच्या सोडतीत ढकलणं, नाहीच. न विकल्या गेलेल्या तिकिटांचं बक्षीस सरकारकडे राहतं, हा एक डाग आहे. छापील नंबरांच्या कोणत्याही लॉटरीत हे विचारायलाच हवं की सोडत विकलेल्या तिकिटांतून होते की छापलेल्या. छापलेल्यांतून होत असेल आणि विक्री निम्मीच झाली असेल, तर जाहीर बक्षिसांतली निम्मी सरासरीने कोणालाच मिळत नाहीत.

पैसा कोणाचा जातो? अमेरिकेत क्लॉटफेल्टर आणि कुक या अर्थशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलं. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिलं तर कमी कमावणारी घरं लॉटरीवर जास्त खर्च करतात, आणि विक्रीचा मोठा वाटा थोड्या पण सतत खेळणाऱ्या लोकांकडून येतो. सरकारला मिळणारा हिस्सा तिकिटात मिसळलेला करच असतो, फक्त पावतीवर त्याची वेगळी ओळ नसते. "कोणी जबरदस्ती करत नाही" हे उत्तर मला अर्धंच पटतं. ऐच्छिक सौद्यात विकणाऱ्याने वस्तूची खरी किंमत सांगायची असते. इथे विकणारा सरकार आहे, आणि ग्राहकांना फसव्या जाहिरातींपासून वाचवणाराही सरकारच.

हा पैसा शिक्षणाला, आरोग्याला जातो असं सांगितलं जातं. तो जातोही. पण शिक्षणाचं बजेट १०० होतं, लॉटरीतून १० आले आणि सरकारने आपला वाटा ९२ वर आणला, तर शाळांना मिळाले १०२. लॉटरीचे दहाच्या दहा शिक्षणावर खर्च झाले हे कागदोपत्री खरं, आणि त्यांतले ८ दुसरीकडे वळले हेही खरं. ब्रिटनमध्ये लॉटरीचा पैसा सरकारी खर्चाची जागा घेणार नाही, त्यात भरच घालेल, असं तत्त्व मांडलेलं आहे. ते पाळलं जातं की नाही हे एका वर्षाच्या ताळेबंदावरून समजत नाही. लॉटरी सुरू होण्याआधीची आणि नंतरची काही वर्षं शेजारी ठेवून, सरकारचा स्वतःचा खर्च महागाई वजा करून किती वाढला, हे पाहावं लागतं.

एखादी लॉटरी तपासायची असेल तर वार्षिक अहवालात एकूण विक्री, बक्षिसं, विक्रेत्यांचं कमिशन, जाहिरात आणि सरकारजमा हे पाच आकडे शोधावेत. बक्षिसांत "जाहीर केलेली" आणि "प्रत्यक्ष दिलेली" अशी फोड आहे का पाहावं, कारण मुदतीत न मागितलेल्या बक्षिसांचं काय होतं ते तिथे उघडं पडतं. ब्रिटनमध्ये ही मुदत १८० दिवसांची आहे आणि ती रक्कम पुढे लोकोपयोगी कामांना जाते. काही ठिकाणी मुदत याहून कमी असते. मग नियमावली उघडून साचा आणि शक्यतांचा तक्ता पाहावा, आणि वर केलं तसं ठरलेल्या बक्षिसांचं गुणाकार-बेरजेचं गणित करावं. कागदावर पंधरा मिनिटं लागतात.

सुधारणा अवघड नाहीत. जाहिरातीत हप्त्यांच्या बेरजेऐवजी करानंतरची रोख रक्कम द्यावी. जॅकपॉटला कमाल मर्यादा घालून त्यावरची रक्कम खालच्या बक्षिसांत वाटावी, पण ती कधी वाटली जाणार हे सगळ्यांना सारखंच आधी कळवावं, नाहीतर कॅश विनफॉलची पुनरावृत्ती होते. शेवटचं मोठं बक्षीस गेलं की ते स्क्रॅच कार्ड विक्रीतून काढावं. ऑनलाइन खात्यावर महिन्याची खर्चमर्यादा खेळणाऱ्याने ठरवावी आणि ती वाढवायची झाली तर मध्ये काही दिवसांची सक्तीची थांबणूक असावी. आणि तिकिटावरच, बक्षिसाच्या आकड्याइतक्याच मोठ्या अक्षरांत, शंभरातले सरासरी किती परत येतात ते छापावं.

तरीही तिकीट घ्यायचंच असेल, तर लगेच मागे सही करा आणि निकाल स्वतः तपासा, काउंटरवरच्या माणसावर सोडू नका. नंबर निवडल्याने जिंकण्याची शक्यता बदलत नाही, वाटणी मात्र बदलते. वाढदिवसांमुळे ३१ पर्यंतचे आकडे बहुतेकांचे असतात, आणि सुबक पाढे तर फारच जणांचे. फिलिपीन्समध्ये १ ऑक्टोबर २०२२ च्या सोडतीत ९, १८, २७, ३६, ४५, ५४ आले आणि जॅकपॉट ४३३ जणांत वाटला गेला.